ब्रेस्ट रिडक्शननंतर अंगावर पाजणं, माझा अनुभव

माझं ब्रेस्ट रिडक्शनचं, म्हणजे छाती लहान करायचं, ऑपरेशन लग्नाच्या आधी झालं, लेक व्हायच्या सहासात वर्षं आधी. प्रेग्नंट असताना याबद्दल जे काही वाचायला मिळालं ते सगळं परदेशातल्या बायकांचं होतं, त्यांच्याकडे सव्वा महिना शेक-शेगडी नसते आणि बारशाला येऊन "दूध पुरतंय का गं?" विचारणाऱ्या आत्या-मावश्या पण नसतात, त्यामुळे आपल्याकडे हे सगळं कसं होतं ते लिहावंसं वाटलं. थोडं लांबेल, पण ज्या बाईला गरज आहे ती वाचेल.

आधी ऑपरेशन का केलं ते सांगते कारण तो प्रश्न येतोच. कॉलेजात असल्यापासून मान आणि खांदे कायम दुखायचे, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर खोल वळ पडलेले, एप्रिल-मेमध्ये छातीखालची कातडी घामाने सोलवटून लाल व्हायची, पावडर लावा नाहीतर मलम लावा काही फरक नाही. तुळशीबाग-लक्ष्मी रोड पालथा घातला तरी मापाची ब्रा मिळायची नाही. बसमधल्या नजरांबद्दल तर लिहीतच नाही. फिजिओथेरपी झाली, वजन कमी करून झालं, शेवटी प्लास्टिक सर्जनकडे गेलो. दोन्ही बाजूंचं मिळून किलोच्या वर काढलं त्यांनी. त्यानंतर मी पहिल्यांदा पाठ सरळ ठेवून चालले, धावले पण. हा निर्णय मी आजही परत घेईन, आणि पुढे जे लिहिलंय ते वाचून कुणी "बघ, म्हणून करू नये असलं काही" असा अर्थ काढू नका प्लीज.

आई तेव्हा सर्जनसमोरच म्हणाली होती, "अगं पण पुढे पोराला काय पाजशील?" त्यावर सर्जन जे बोलले ते मला अजून आठवतं कारण ते अगदी खरं निघालं. म्हणाले, "दूध येईल. किती येईल ते आज कुणीच सांगू शकत नाही." बाकी सगळे लोक "येईल का नाही येईल" एवढंच विचारत राहतात, आणि खरा प्रश्न "किती" हा आहे. हे एवढं एक वाक्य जरी कुणाच्या लक्षात राहिलं तरी पहिला आठवडा खूप सोपा जाईल.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. छाती मोठी दिसते ती बरीचशी चरबीमुळे, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी वेगळ्या, आणि तिथून निपलपर्यंत दूध आणणाऱ्या बारीक नळ्या असतात, निपलवर त्यांची सरासरी ९ च्या आसपास तोंडं उघडतात. ऑपरेशनमध्ये चरबीबरोबर काही ग्रंथी जातात आणि काही नळ्या कापल्या जातात. शिवाय चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधून एक नस निपलकडे येते, बाळ ओढायला लागलं की ती नस मेंदूला निरोप देते आणि मग प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही हार्मोन्स सुटतात, एकाने दूध बनतं आणि दुसऱ्याने पान्हा फुटतो. ती नस दुखावली असेल तर ग्रंथी असून पान्हा फुटायला वेळ लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशन कुठल्या पद्धतीने झालंय. निपल आतल्या टिश्यूच्या खांबाला चिकटलेलं ठेवून वर सरकवलं असेल तर चान्स चांगला, पण पूर्ण सोडवून परत वर बसवलं असेल (फ्री निपल ग्राफ्ट म्हणतात त्याला) तर नळ्या सगळ्याच तुटतात आणि दूध बाहेर यायची आशा फारच कमी. नसा आणि नळ्या काही प्रमाणात परत जुळतात पण हळूहळू, त्यामुळे ऑपरेशन आणि बाळंतपण यात काही वर्षं गेलेली असतील तर फायदा होतो.

म्हणून सातव्या महिन्यात मी कपाटातून जुनी फाईल काढली. डिस्चार्ज कार्डावर फक्त ऑपरेशनचं नाव होतं, सविस्तर ऑपरेशन नोट नव्हती, ती हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून अर्ज देऊन मागवली. त्यात "इन्फिरिअर पेडिकल" लिहिलेलं, म्हणजे खालच्या बाजूचा खांब राखून ठेवलेला. गायनॅक मॅडम म्हणाल्या चांगलं आहे, होप आहे. माझ्या उजव्या बाजूला संवेदना जवळजवळ पूर्ण परत आलेल्या होत्या, डाव्या निपलला मात्र बोट लावलं तरी कळायचं नाही. ते पण मी त्यांना सांगून ठेवलं, आणि त्यांनी पेपरवर लिहून ठेवलं की बाळाचं वजन रोज बघायचं.

डिलिव्हरी नॉर्मल झाली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लेक २ किलो ९०० ग्रॅमची. लगेच छातीवर ठेवली, अर्ध्या-पाऊण तासात तिने तोंड लावलं सुद्धा, आणि चीक आला! दोन्हीकडून! मी रडायलाच लागले. निपलभोवतीच्या गोल व्रणाचं काय होईल अशी धास्ती होती पण तिला त्याने काही फरक पडला नाही, मस्त पकडलं तिने.

पहिले दोन दिवस सगळे खूश. बाळाला या दिवसात लागतंच थोडं, एका वेळी चमचा-दीड चमचा चीक पुरतो. बाळ शांत, बाळ झोपाळू, जो येईल तो म्हणे "किती गुणी पोर आहे, रडत पण नाही". मी इथे मुद्दाम थांबून सांगते, ज्या आईचं असं ऑपरेशन झालंय तिच्या बाळाला कुणी गुणी म्हटलं की आधी लंगोट बघा आणि वजन करा. भुकेलं बाळ नेहमी रडतंच असं नाही, कधीकधी ते ताकद वाचवायला झोपून राहतं. माझी लेक छातीला लावली की चारपाच घोट ओढायची आणि डोळे मिटायची, मी तळवे गुदगुल्या करून उठवायचे, परत चार घोट. तिसऱ्या दिवशी लंगोटात विटकरी रंगाचा डाग दिसला. नर्सला दाखवला तर म्हणाली होतं असं, पाजत रहा, येईल दूध. मी म्हटलं सिस्टर माझं ऑपरेशन झालंय छातीचं, तर म्हणाली टाक्यांचा आणि दुधाचा काही संबंध नसतो. कुणाचं नाव मला घ्यायचं नाही, ती बिचारी रात्रपाळीत एकटी सगळा वॉर्ड बघत होती, पण हे वाक्य चुकीचं आहे आणि ते अजून बऱ्याच ठिकाणी बोललं जातं.

चौथ्या दिवशी वजन २ किलो ५६०. जन्मानंतर सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, सात-आठ टक्क्यांपर्यंत कुणी फारसं घाबरत नाही, पण दहाच्या वर गेलं की बघावंच लागतं आणि आमचं जवळजवळ बारावर गेलं होतं. शिवाय कावीळ वाढलेली, दूध कमी गेलं की शी कमी होते आणि कावीळ उतरत नाही. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. मी काचेच्या बाहेर.

आणि नेमकं त्याच दिवशी माझं दूध उतरलं. हे कुणी आधी सांगितलं नसतं तर मी पार गोंधळले असते. वार पडली की शरीरातली हार्मोन्स बदलतात आणि ज्या ज्या ग्रंथी शिल्लक आहेत त्या सगळ्या दूध बनवायला लागतात, नळी जोडलेली असो वा नसो. त्यामुळे काखेच्या बाजूला मोठमोठ्या कडक गाठी आल्या, हात खाली घेता येईना, ताप चढल्यासारखं अंग, आणि पंप लावला तर डाव्या बाजूने तळ जेमतेम ओला. मालीशवाल्या मावशी म्हणाल्या गरम शेक देऊन जोरात चोळते, मोकळं होईल. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. जिथून बाहेर यायला वाटच नाही तिथे चोळून फक्त सूज वाढते. गार पट्ट्या ठेवायच्या, सूज उतरायची गोळी घ्यायची, आणि दूध निघालं नाही की त्या ग्रंथी आपोआप काही दिवसात काम थांबवतात. आता बाळंतिणीला गार पट्ट्या म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. माझी आई तर "अगं वारा लागेल, जन्माचं दुखणं घेशील" म्हणून पदराला डोळे पुसत होती. पण खरंच आठवड्याभरात त्या गाठी गेल्या.

बालरोगतज्ज्ञ खूप चांगले मिळाले. ते म्हणाले, भावना बाजूला नको ठेवूस पण शेजारी वजनकाटा ठेव. पाजायच्या आधी त्याच कपड्यात वजन, पाजून झालं की परत वजन, जेवढे ग्रॅम वाढले साधारण तेवढे एमएल पोटात गेले. माझे यायचे पंधरा-वीस. त्या वयात किलोमागे दिवसाला १५० एमएलच्या आसपास लागतं, म्हणजे तिला दिवसाचे ३८०-३९० हवे होते, एका वेळचे चाळीसच्या पुढे. माझ्याकडून निम्म्याहून कमी जात होतं. वाचायला कोरडं वाटेल पण ते आकडे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण तोपर्यंत मला फक्त "पुरत नाही" एवढंच माहीत होतं आणि आता किती कमी पडतंय ते कळलं. जेवढं कमी तेवढं वरचं दूध द्यायचं, बाकीचं माझं. त्यांनी पावडरचं दूध चिठ्ठीवर लिहून दिलं, किती एमएल, किती वेळा, पाणी उकळून कसं घ्यायचं, उरलेलं कसं टाकून द्यायचं, सगळं.

त्या डब्याबद्दल एक सांगायचंय. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या पावडरच्या दुधाची जाहिरात करता येत नाही आणि डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम हे छापावंच लागतं. कायदा योग्यच आहे, कंपन्यांनी काय काय केलं असतं त्याशिवाय, मला अजिबात शंका नाही. पण रात्री तीन वाजता तो डबा उघडताना ते वाक्य समोर येतं तेव्हा आत काहीतरी तुटतं. मी नवऱ्याला सांगितलं, तर त्याने सगळं दूध स्टीलच्या साध्या डब्यात ओतायला घेतलं, मग मीच थांबवलं कारण एक्सपायरी आणि चमच्याचं माप त्याच्यावरच असतं. मग डबा त्यानेच उघडायचा असं ठरलं.

मिल्क बँकेचीही (दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध जिथे साठवतात ती) चौकशी केली. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू झाली ती आशियातली पहिली, पुण्यात ससूनला पण आहे. पण ते दूध आधी एनआयसीयूमधल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या), कमी दिवसांच्या नाजूक बाळांना जातं, आणि तसंच जायला हवं, माझी लेक पूर्ण दिवसांची होती.

आता लॅक्टेशन कन्सल्टंट ताईंबद्दल, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणाऱ्या. ताईंनी आमच्या घरी येऊन जे शिकवलं त्याने सगळं बदललं. त्यांनी मेडिकलमधून ५ नंबरची फीडिंग ट्यूब आणायला सांगितली, थोडक्या पैशात मिळते, एनआयसीयूत नाकातून घालतात तीच. ट्यूबचं एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं टोक माझ्या निपलला पेपर टेपने चिकटवलेलं, अगदी किंचित पुढे. बाळ अंगावर ओढतं तेव्हा माझं दूध आणि ट्यूबमधलं दूध एकत्र तोंडात जातं. वाटी वर धरली की वेगाने येतं, खाली धरली की हळू. यात तीन गोष्टी एकदम होतात, बाळाचं पोट भरतं, ते अंगावर राहतं त्यामुळे बाटलीची सवय लागून अंगावर प्यायला कंटाळत नाही, आणि ओढत राहिल्यामुळे माझ्या शरीराला "अजून बनव" हा निरोप जात राहतो. पहिल्यांदा लावली तेव्हा लेकीने डोळे मोठे केले, आणि मग गटागटा आवाज येत राहिला. तो आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. नवरा वाटी धरून उभा, त्याचा हात थरथरत होता, दोघंही काही बोललो नाही.

पहिले काही आठवडे खूप किचकट गेले हे पण खरं. ट्यूब निसटते, टेपने कातडी लाल होते, दूध सांडून गाऊन चिकट होतो, वापरून झाली की लगेच सिरिंजने आधी गार मग साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, आणि स्वस्त आहे म्हणून लवकर लवकर बदलायची. वाटी धरायला दुसरं माणूस लागतं. एकटी असले की मी बाटली गळ्यात दोरीने अडकवायचे.

डाव्या बाजूची नस मेलेली असल्याने तिथे बाळ कितीही ओढलं तरी पान्हा फुटायचा नाही. ताई म्हणाल्या ऑक्सिटोसिन रक्तातून जातं, एका बाजूने सुटलं तरी दोन्हीकडे पोचतं, म्हणून आधी उजवीकडे पाज आणि त्याच वेळी डावीकडे पंप लाव. आणि खरंच डावीकडे पण यायला लागलं, थोडं, पण यायला लागलं. पाजताना हाताने छाती दाबायची, बाळ झोपायला लागलं की बाजू बदलायची, आणि रात्रीचं एकही पाजणं सोडायचं नाही कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. डॉक्टरांनी ईसीजी काढून काही दिवस दूध वाढायला डॉम्पेरिडॉनची गोळी पण दिली. तिने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो त्यामुळे मैत्रिणीने घेतली म्हणून आपणही मेडिकलमधून आणून घ्यायची असं अजिबात करू नका. मला थोडा फायदा झाला.

खाण्याचं म्हणाल तर आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी कल्प, खसखस, बाजरीची भाकरी, शेपू, लसणाची चटणी, बाळंतशोपा, सगळं सगळं खाल्लं. त्याने अंगात ताकद आली, कंबर धरली होती ती सुटली, भूक भागली. दुधाचं मोजमाप मात्र वजनकाट्यावर फारसं हललं नाही. यात खाण्याचा दोष नाही, कापलेली नळी लाडवाने जुळत नाही एवढंच. पण आईने पहाटे उठून खलबत्त्यात कुटून केलेले लाडू होते ते, त्यातलं प्रेम मला लागलंच.

सासूबाईंना ऑपरेशनचं माहीत नव्हतं. नवऱ्याला मी लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं, तो म्हणाला होता तुझं शरीर आहे, घरी सांगायचं की नाही ते तू ठरव. मी नव्हतं सांगितलं आणि ते माझ्या मते माझं खासगी होतं. पण बारशाच्या आधी मावससासूबाई भेटायला आल्या आणि ट्यूब बघून म्हणाल्या, "हल्लीच्या पोरींना अंगावर पाजायचंच नसतं, फिगर जाते ना." मी आत निघून गेले. सासूबाई मागोमाग आल्या आणि दार लावून घेतलं. मी सगळं सांगून टाकलं, खांद्यावरचे वळ, घामोळं, व्रण कुठून कुठे आहेत, ग्रंथी, नळ्या, सगळं एका दमात.

त्या ऐकून घेतल्यावर थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. त्यांचं माहेर सासवडकडचं, शेतीवाडीचं. म्हणाल्या, "म्हणजे विहिरीला पाणी आहे पण पाट फुटलेत." मी म्हटलं हो आई, अगदी तसंच. "मग जेवढं पाटातनं येतंय तेवढं येऊ दे, बाकीचं घागरीनं घालू. पोर उपाशी का ठेवायची?" आणि मग सांगायला लागल्या की माझा नवरा लहान असताना त्यांना टायफॉईड झाला होता, तेव्हा त्यांच्या जाऊबाईंनी त्याला महिनाभर अंगावर पाजलं होतं, स्वतःच्या मुलाबरोबर. हे त्याला सुद्धा माहीत नव्हतं! मला म्हणाल्या, "तेव्हा मला पण वाटायचं माझं पोर दुसरीचं पितंय. पण ते जगलं, वाढलं, आणि आज आई मलाच म्हणतं." मग बाहेर जाऊन मावससासूबाईंना काय सांगितलं मला माहीत नाही पण त्या जाताना लेकीच्या हातात पैसे ठेवून माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून चांदीचं बोंडलं निघालं, चिंचेने घासून उकळून आणलं. रात्री मी अगदीच थकले की सासूबाई त्या बोंडल्याने पाजायच्या, मी दोन तास सलग झोपायचे. ती झोप मिळाली म्हणून मी टिकले.

बारशापर्यंत लेक जन्माच्या वजनावर परत आली. नंतर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमने वाढत गेली. आता "पुरतं का गं" विचारलं की मी सरळ सांगायचे, निम्मं माझं, निम्मं वरचं. पहिल्यांदा सांगताना घसा दाटून यायचा, नंतर नाही. आणि गंमत अशी की मी असं उघड सांगायला लागल्यावर कितीतरी बायका आत खोलीत येऊन हळूच सांगायच्या की त्यांना पण कमी होतं. आमच्याच सोसायटीतली एक, थायरॉईड असलेली, एक जुळ्यांची आई, आणि एक काकू ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सासूपासून लपवून गाईचं दूध पाणी घालून पाजलं होतं आणि ते अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. किती एकट्या पडतात बायका या गोष्टीत.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास माझं सगळ्यात जास्त येत होतं, तिला एकूण दिवसाला ७५० एमएलच्या आसपास लागायचं आणि त्यातलं साधारण निम्मं माझं. त्याच्या पुढे ते कधी गेलं नाही, पंप किती वेळा लावला, रात्री कितीदा उठले तरी. एका टप्प्यावर ताईच म्हणाल्या, की आता पंप कमी कर, जो वेळ पंपाला देतेस तो लेकीला दे. मला ते ऐकायला वेळ लागला. पण त्या दिवसानंतर मी दुपारी तिला कुशीत घेऊन नुसती पडून राहायला लागले, ती पीत असो नसो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा हे सगळं आवडायला लागलं. सहा महिन्यांची झाल्यावर वरचं खाणं सुरू झालं, नाचणीसत्त्व, मऊ वरणभात तूप घालून, गाजराची प्युरी, तेव्हा दुधाच्या आकड्यांचं ओझं उतरलं आणि ट्यूब आम्ही बंद केली. सव्वीस आठवड्यांची रजा संपून मी ऑफिसला गेले तेव्हा दिवसा ती वरचं दूध कपाने प्यायची आणि मी आले की दार उघडायच्या आत माझा आवाज ओळखून सरकत यायची. आता सव्वा वर्षाची आहे, पोळी-भाजी खाते, संध्याकाळी आणि झोपताना अजून अंगावर पिते.

ज्या मुली लग्नाआधी किंवा मूल व्हायच्या आधी हे ऑपरेशन करायचा विचार करतायत त्यांनी सर्जनला थेट विचारा की निपल कुठल्या टिश्यूवर ठेवणार, नस वाचवायचा प्रयत्न करणार का, आणि मला पुढे पाजायचंय हे केसपेपरवर लिहून घ्या. त्रास सहन होत नसेल तर मूल होईपर्यंत थांबलंच पाहिजे असं मला तरी वाटत नाही, दहा वर्षं मान धरून जगणं ही पण किंमतच आहे. ऑपरेशन नोट तेव्हाच मागून घ्या आणि जपून ठेवा, हॉस्पिटलं जुने रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत. ज्यांचं झालेलं आहे आणि दिवस राहिलेत त्यांनी बालरोगतज्ज्ञाला डिलिव्हरीच्या आधीच भेटून घ्या, चौथ्या दिवसाची वाट बघू नका, पहिल्या दिवसापासून वजन आणि ओले लंगोट लिहायला एक माणूस नेमा. आमच्याकडे ते काम नवऱ्याने केलं, ती वही अजून आहे.

दुसऱ्या वेळी दूध जास्त येण्याची शक्यता असते असं डॉक्टर म्हणाले, कारण प्रत्येक बाळंतपणात ग्रंथी वाढतात आणि पाजल्यामुळे काही नळ्या नव्याने जुळतात. आमचं अजून काही ठरलेलं नाही. ठरलं तर नवव्या महिन्यातच ट्यूब, पेपर टेप आणि वजनकाटा घरात आणून ठेवणार, आणि या वेळी मावससासूबाईंना पण आधीच सांगणार.